हा दोष कुठल्या मशीनचा

४ फेब्रुवारी

अहो,

नमस्कार-चमत्कार काही लिहीत नाही, आज मन नाही. तुमची तब्येत बरी असेल असं धरून चालते.

रविवारचा फोन असताना हे पत्राचं खूळ कुठून काढलं, असं तुम्हाला वाटेल. त्या फोनवर तुमच्या मागं रांग उभी असते, टाइमकीपर शेजारी बसून सगळ्यांच्या घरच्या बातम्या गोळा करतो, आणि इकडे फोनला तुमच्या आई आणि तुमची लाडकी लेक ठमी दोन्ही बाजूंनी चिकटलेल्या. त्यात मी काय बोलणार. तुमच्या डोंगरात मोबाइल लागत नाही. सोमवारी रेशनचा ट्रक खाणीवर चढतो, त्याच्या टपालात हे येईल. एकटे असाल तेव्हा वाचा. कँटीनमध्ये फोडू नका.

घरी सगळं ठीक आहे. ठमीला तेरावं लागल्यापासून ती आरशासमोरून हलत नाही. आईंचा गुडघा दुखतो आणि दुखत नाही असं त्या म्हणतात. बाहेरच्या खोलीतला पंखा परत कुरकुरायला लागलाय, तुम्ही आलात की बघालच. म्हणजे आलात तर. हे बघा, मी सांगायचं सोडून पंख्यावर आले.

मागच्या महिन्यात आमच्या मोज्यांच्या कारखान्यात बायकांच्या तपासणीचं शिबिर झालं. हॉस्पिटलची गाडी आली होती. मुकादमबाईंनी सांगितलं, तपासणी करून घेईल तिला तासभर सुट्टी, पगार कापणार नाही, घरातल्या बायकांनाही आणा. कोण नाही म्हणणार. आईसुद्धा आल्या, म्हणाल्या चहा-बिस्किट आहे तर बसून येते. पडद्याआड जायचं, एका मऊ ब्रशनं आपला आपणच नमुना घ्यायचा, बाटलीत बुडवायचा, झाकण लावायचं. आम्ही हसत होतो. पॅकिंगमधली नवी नवरी तर बाटली घेऊन अशी पळाली की सगळा हॉल फिदीफिदी हसला.

आज रिपोर्ट मिळाला. लिहिलंय, हाय-रिस्क एचपीव्ही, पॉझिटिव्ह. खाली पुढच्या तपासणीची तारीख. मी टेबलावरच्या मुलीला विचारलं, हे काय असतं? ती म्हणाली, विषाणू असतो, गर्भपिशवीच्या तोंडाशी बसतो, लगेच घाबरू नका. मी विचारलं, येतो कुठून? ती म्हणाली, संबंधातून. एवढ्यात मागच्या बाईनं आपला कागद पुढे केला आणि ती मुलगी तिकडे वळली. मला पुढचं ऐकायचं नव्हतंच. मला कळायचं ते कळलं होतं.

तुम्हाला माझं काम माहीत आहे. आत दिवा असलेल्या काचेच्या पायावर मोजा चढवायचा, गोल फिरवायचा, दोष हुडकायचा. उभी रेघ सुटली असेल तर सुई तुटली. तेलाचा ठिपका असेल तर तिसऱ्या ओळीतलं जुनं मशीन. टाचेत टाका सैल असेल तर नव्या ऑपरेटरचा हात. लेबल न बघता मी सांगते हा दोष कुठल्या मशीनचा, आणि चौदा वर्षांत चुकले नाही. आता तुम्हीच मला सांगा. माझ्या आयुष्यात पुरुष एक. तो वर्षातले दहा महिने घराबाहेर, आज ही खाण, उद्या ती. मग हा दोष मी कुणाच्या नावावर टाकू?

मी ओरडले नाही. घरी येऊन भांडी घासली, मग घासलेली पुन्हा घासली. आई म्हणाल्या, अगं, त्यांची कल्हई जाईल. त्या शब्दाचा, ज्याला लोक घाबरतात, मी अजून नीट विचार केलेला नाही. तो रोग मी इथं लिहीत नाही. आधी मला दुसऱ्या गोष्टीचं उत्तर पाहिजे.

कोण होती, किती दिवस, तेवढं लिहा. आणि मार्चअखेरच्या रजेवर घरी येऊ नका. मी आईंना सांगेन रजा रद्द झाली.

तुमची म्हणून सही करायचं जिवावर आलंय, म्हणून करत नाही.


९ फेब्रुवारी

आधीचं पत्र आणि हे, दोन्ही उद्याच्याच ट्रकनं येतील. एकात मावलं नाही म्हणून दुसरं.

आज तुमचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर होते. वाळत घातलेले कपडे काढायला गेले होते असं आईंनी तुम्हाला सांगितलं, ते खरं आहे. कपडे ओलेच होते, हेही खरं आहे. खालून तुमचं हसणं ऐकू आलं. ठमीनं कसला तरी विनोद सांगितला असणार. इतकं मोकळं हसू येतं ना अजून तुम्हाला, बरं आहे. हे लिहिलं आणि वाटतंय की तुम्हाला पत्र मिळालेलंच नाही, तर तुम्ही का हसू नये. तरी राग येतोच.

हल्ली मी बसू शकत नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कशाला उठले ते आठवत नाही. फळीवरचे डबे उतरवले, पुसले, चढवले, मग वाटलं डाळी खालच्या फळीवर बऱ्या, परत उतरवले. आई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, तुला काय झालंय ते सांग, नाहीतर मलाही एक फडकं दे. मी फडकं दिलं.

कारखान्यातही तेच. परवा मी अख्खा लॉट परत पाठवला. मुकादमबाई स्वतः आल्या, एकेक मोजा दिव्यावर चढवला आणि म्हणाल्या, यात दोष कुठंय ते दाखव. मला दाखवता येईना. माल साफ होता, मलाच सगळीकडे रेघा दिसत होत्या. दुसरी कुणी असती तर त्यांनी खरडपट्टी काढली असती. माझ्याकडे त्या नुसत्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, पाणी पी. त्यांच्याकडून माया नको होती मला, ओरडा खाल्ला असता तर बरं वाटलं असतं.

शुक्रवारी हॉस्पिटलला जायचंय. दुर्बिणीतून बघणार आहेत म्हणे. कारखान्यात मी दाढदुखी सांगून सुट्टी टाकलीय. घरी सांगितलंय जादा पाळी. खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे दोन ठिकाणी दोन वेगळी सांगून बसले. तुम्हाला कसं जमतं हे इतकी वर्षं?

मागच्या पत्रात जे विचारलं त्याचं उत्तर सरळ द्या. तुमच्या हातचं अक्षर मला ओळखता येतं. खोटं लिहिलंत की तुमची ओळ खाली उतरते.


१५ फेब्रुवारी

अहो,

हे पत्र सोमवारच्या ट्रकला मिळावं म्हणून मी स्वतः ट्रकच्या डेपोत जाऊन टपालाच्या थैलीत टाकणार आहे. आधीच्या दोन पत्रांना उत्तर लिहायला बसला असाल तर थांबा. जे लिहिलं असेल ते फाडा. आधी हे वाचा, उद्याच्या फोनवर चारचौघांत हे सांगता यायचं नाही.

काल हॉस्पिटलला गेले. वरच्या मजल्यावर लांब बोळ, बोळात बाकडं. दाढ दुखतेय असा चेहरा करून मी जिना चढले, कारण वाटेत ओळखीचं कुणी भेटलं तर. आणि बाकड्यावर पहिली कोण दिसावी? मुकादमबाई. त्यांनी कारखान्यात पुतणीच्या शाळेचं कारण दिलं होतं. मी दिसताच त्यांनी पेपर तोंडापुढे धरला. पेपर उलटा होता. त्यांच्या पलीकडे अंगठ्याची शिवण घालणाऱ्या काकी, ज्यांच्या घरात म्हणे पाणी शिरलं होतं. त्यांच्या पलीकडे पॅकिंगमधली नवी नवरी, रडून डोळे सुजलेले. आणखी दोघी लेबलवाल्या. कारखान्याचा निम्मा हजेरीपट तिथं बसलेला आणि जी ती दुसरीकडे बघतेय. मी मुकादमबाईंशेजारी बसले. मग काकी म्हणाल्या, काय गं, तुझी दाढ इथं काढतात होय? आणि आम्ही सगळ्या अशा हसलो की आतून नर्सबाई गप्प करायला आल्या.

आता पुढचं ऐका, आणि बसलेले नसाल तर बसा. आम्ही हसतोय तोवर जिन्यावरून एक म्हातारी धापा टाकत, गुडघा धरत वर आली. काखेत पिशवी. तुमच्या आई.

मला त्या सकाळी सांगून गेल्या होत्या की बहिणीकडे जाते. मी त्यांना सांगून गेले होते की जादा पाळी आहे. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग त्या म्हणाल्या, डोळे काय वटारतेस, मी कुठं तोंड काळं करून आलेली नाही. सगळं बाकडं सरकलं आणि त्यांना जागा झाली.

तुमच्या बाबांना जाऊन सतरा वर्षं झाली. आईंचं आयुष्य तुम्हाला माहीत आहे. भाजी, मंडई, टीव्हीवरची मालिका आणि आपण. त्यांच्या हातातही माझ्यासारखाच कागद होता. आता मी या कागदाचं काय करू? सतरा वर्षं बंद असलेल्या मशीनवरचा मोजा, आणि त्यात दोष. आईंना मशीन म्हटलं, राग मानू नका, पण त्या क्षणी माझ्या डोक्यात हेच आलं. माझी सगळी शहाणपणाची इमारत तिथंच बसली.

नर्सबाईंनी आम्हाला सगळ्यांना एकदमच आत घेतलं. म्हणाल्या, तुम्ही सगळ्या एकाच कारखान्यातल्या आणि सगळ्यांचे चेहरे सारखेच पडलेत, तर एकदाच सांगते. त्यांनी सांगितलं ते तुम्हाला जसंच्या तसं लिहिते. ही लागण इतकी सर्रास आहे की बहुतेक बायकांना आणि पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जाते, आणि झाली हे कळतही नाही. कुठल्याही गावात, कुठल्याही थरात शंभर बायका तपासल्या तर आज लागण असलेल्या दहाएक जणी निघतात. कधी कमी, कधी जास्त. पुष्कळ जणींची वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाते. काहींच्यात ती गप्प पडून राहते, कित्येक वर्षं, आणि वय झालं, अंगातली ताकद कमी झाली की पुन्हा वर येते. राहिली तर पुढं पेशी बिघडू शकतात, बिघडलेल्या तशाच सोडल्या तर बऱ्याच वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. म्हणून बघायचं, आणि वेळेत बघितलं तर तो होऊ द्यायचा नाही.

लिहिला बघा मी तो शब्द. नर्सबाईंनी तो इतका सहज घेतला की माझीही भीड चेपली.

मग नवी नवरी हळूच म्हणाली, पण सासरी विचारतायत, कुणाकडून आली. नर्सबाई म्हणाल्या, ते कुणालाच सांगता येत नाही. नवऱ्याकडून बायकोला की बायकोकडून नवऱ्याला, काल की पंधरा वर्षांपूर्वी, या तपासणीत ते दिसतच नाही. हा चारित्र्याचा दाखला नाही, कुणी तसा वाचू नये. सासूला घेऊन ये, मी सांगते. तेव्हा आई त्या पोरीला म्हणाल्या, सासूला माझं नाव सांग. सांग, एक म्हातारी होती, तिलाही आहे. त्या पोरीनं आईंच्या खांद्यावर डोकं टेकलं. तुमच्या आई कधी मला तरी असं टेकू देतात का? पण काल दिलं असतं त्यांनी, मीच टेकलं नाही.

दुर्बिणीतून बघितलं. आईंना काही नाही, वर्षानं परत बोलावलंय. माझ्यात एक पांढरट जागा दिसली, तिचा चिमटीभर तुकडा काढलाय. दुखलं, पण मी त्यातून निभावले. तुकड्याचा रिपोर्ट यायचाय. नर्सबाईंनी ठमीचं वय विचारलं आणि म्हणाल्या, तिला लस द्या, याच वयात द्यायची असते. ठमीला सुई म्हटलं की ती पलंगाखाली जाते. मागच्या वेळी तुम्हीच ओढून काढली होती, आठवतंय ना.

येताना बसमध्ये आई आणि मी शेजारी बसलो. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, मला वाटलं हे यांचंच उरलंसुरलं असेल. बरं वाटलं ऐकून, काहीतरी राहिलंय म्हणून. मग म्हणाल्या, वेडीच आहे मी. मी त्यांचा हात धरला.

तर आता माझं ऐका. मी तुमच्यावर आळ घेतला. एक कागद बघून, एका मुलीचं अर्धं वाक्य ऐकून, सतरा-अठरा वर्षांच्या संसारावर दोषाचं लेबल चिकटवलं. मला क्षमा करा. असं मी कधी कुणाला लिहिलं नाही, तुम्हाला तर नाहीच, म्हणून ते नीट लिहिलंय, वाचा परत. तुम्ही तिकडे डंपरखाली झोपून ग्रीस अंगावर घेताय आणि मी इकडे तुम्हाला चव्हाट्यावर आणतेय. रजेवर या. ठरल्या तारखेला या, जमलं तर चार दिवस आधीच या. पंखा कुरकुरतोय.

तुमचीच


२१ फेब्रुवारी

तुमचं पत्र काल मिळालं.

माझ्या माफीचं पत्र घेऊन ट्रक सोमवारी वर चढला आणि उतरताना त्यानंच तुमचं पत्र खाली आणलं. म्हणजे तुम्ही हे टाकलंत तेव्हा माझं तुम्ही वाचलेलंच नव्हतं. दोन्ही पत्रं कदाचित एकाच थैलीतून गेली-आली. ड्रायव्हरला काय माहीत तो काय वाहतोय.

तुम्ही लिहिता, "रिपोर्टात आलंच आहे, तर आता काय लपवायचं." तीन पानं. आधीच्या साइटवरच्या स्टोअरमधली बाई. चार महिने. तिची बदली झाली आणि संपलं. ती वाईट नव्हती, तुम्ही एकटे होता, पावसानं रस्ता बंद होता. एकही ओळ खाली उतरलेली नाही. मी बघितलं.

रिपोर्टात काही आलं नव्हतं हो. रिपोर्टात तुमचं नाव नव्हतं, तिचं नव्हतं, कुणाचंच नव्हतं. तुम्ही आपले आपण उभे राहिलात आणि हात वर केलात. आणि त्यातली गंमत म्हणा किंवा काय म्हणा, हा विषाणू तुमच्याकडूनच आला हे आजही कुणी सांगू शकत नाही. नर्सबाईंना मी काल फोन करून विचारलं. आडून विचारलं, एका मैत्रिणीचा नवरा म्हणून. त्या म्हणाल्या, असेल, नसेल. म्हणजे ज्या गुन्ह्यासाठी मी तुम्हाला धरलं तो कदाचित तुमचा नाहीच, आणि त्या भीतीनं तुम्ही दुसराच कबूल केलात.

तुम्ही गप्प बसला असतात तर. हा विचार दिवसातून चार वेळा येतो. तुम्ही गप्प बसला असतात तर माझी माफी तुम्हाला मिळाली असती, तुम्ही ती खिशात घातली असती, मार्चअखेर घरी आला असतात, पंखा दुरुस्त केला असतात आणि मी तुम्हाला भाजी जास्त वाढली असती. मी सुखात असते. चार वेळा वाटतं तेच बरं होतं, आणि चार वेळा या वाटण्याचीच चीड येते.

आता ते माफीचं पत्र तुमच्या हातात असेल. वाचताना तुम्हाला काय वाटलं असेल याचा विचार करते आणि हातातलं काम टाकून उठते. ते मी मनापासून लिहिलं होतं. इतकं मनापासून मी पूर्वी कधी लिहिलं नाही आणि यापुढे लिहीन असं वाटत नाही. ते तुमच्यापाशी असू नये असं वाटतं आणि परत माझ्यापाशी यावं असंही वाटत नाही.

आज दिव्यासमोर बसले होते. मोजा चढवला, फिरवला. दोष नव्हता. पुढच्यात नव्हता. त्याच्या पुढच्यात नव्हता. मला रडू आलं. शेजारणीला सांगितलं दिव्यानं डोळे चुरचुरतात.

रजेचं मला काही विचारू नका. या म्हणून लिहिलं आणि येऊ नका म्हणूनही लिहिलं, दोन्ही तुमच्याकडे आहेत. मला स्वतःला माहीत नाही कुठलं खरं.


१२ मार्च

तुमची दोन पत्रं मिळाली. दोन्हींचं उत्तर हे एकच.

आधी तब्येतीचं, कारण ते तुम्ही चार वेळा विचारलंय आणि तेवढं सांगणं माझं काम आहे. तुकड्याचा रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. पण पेशी बदललेल्या होत्या, तशाच ठेवण्यासारख्या नव्हत्या. परवा बोलावून ती जागा उष्णतेनं शेकली. भूल लागत नाही, जरा पोटात कळ येते, बायकांना सवय असते तसली. थोडे दिवस जड उचलायचं नाही. त्यामुळे पाण्याच्या बादल्या ठमी उचलते आणि प्रत्येक बादलीमागे मला उपकार ऐकवते.

सोबत कोण, असं हॉस्पिटलात विचारलं तेव्हा आई पुढे झाल्या. नातं काय, असं विचारलं तर म्हणाल्या, माझी सून. मग थांबून म्हणाल्या, नाही, मुलगीच लिहा. त्या बाईनं दोन्ही लिहिलं.

आईंना मी सांगितलं. तुम्ही सांगू नकोस म्हणून लिहिलं होतंत, पण या घरात आम्ही दोघी एकमेकींना खोटं सांगून एकाच बाकड्यावर जाऊन बसलो, तेव्हापासून मला ते जमत नाही. त्या धुतलेले कपडे घड्या करत होत्या. तुमचाच शर्ट हातात होता, ठमी घालते तो. ऐकून घेतलं. शर्टाची घडी मोडली, परत घातली, परत मोडली. म्हणाल्या, त्याच्या वडिलांच्या बाबतीत मी कधी विचारलंच नाही. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. मग म्हणाल्या, तो आला तर त्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत घालू, मी तुझ्याजवळ झोपते. मी म्हटलं, आई, तुम्ही घोरता. त्या म्हणाल्या, त्याच्यापेक्षा कमी. गेल्या रविवारी फोनवर त्यांनी तुम्हाला जेवलास का एवढंच विचारून फोन ठमीकडे दिला, तो त्यामुळे.

नवी नवरी परत कामावर यायला लागली. सासू तिला घेऊन नर्सबाईंकडे गेली, आणि आता सासूचीही तपासणी व्हायचीय. मुकादमबाईंना लागण आहे, पण बाकी काही निघालं नाही. त्यांनी शिबिराला न आलेल्या सगळ्यांना दम देऊन पुढच्या गाडीत बसवायचं ठरवलंय. जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्याबद्दल उघड बोलतो. सुरुवातीला आवाज खाली घेत होतो, आता भाजी कशी झालीय विचारावं तसं विचारतो, तुझं काय निघालं गं? एवढ्या जणींत असल्यावर लाज कुठवर धरून ठेवणार. मला मात्र एक गोष्ट कुणालाच सांगता येत नाही. त्यांच्या घरी जे निघालं ते डॉक्टरांकडून निघालं. माझ्या घरी जास्तीचं निघालं.

परवा शेकून झाल्यावर मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, आता गेलं का? त्या म्हणाल्या, खराब पेशी गेल्या. लागण गेली की नाही हे आज कुणी सांगू शकणार नाही. बहुतेक जाईल. वर्षानं या, तेव्हा तपासू. मी म्हटलं, तोवर मी काय करू? म्हणाल्या, रोज करता ते करा. मी म्हटलं, आणि रोज मनात येईल ते? त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, ते येणारच, येऊ द्या. मला राग आला. वर्षभर माणसानं असं अधांतरी कसं राहायचं. बसमध्ये मी तीनदा जागा बदलली. आई वैतागून म्हणाल्या, आता ड्रायव्हरच्या मांडीवर बस.

पण घरी आल्यावर सुचलं की तुमच्या बाबतीतही मी आज काही सांगू शकत नाही. तुमच्या पत्रांत शपथा आहेत. शपथांचं मी काय करू, त्या दिव्यावर चढवून बघता येत नाहीत. तुम्ही खरं सांगितलंत त्याचं मला बरं वाटतं की नाही तेही कळत नाही. तुम्ही धरले गेलात असं समजून बोललात. कुणी धरलं नसतं तर बोलला असतात का, हे तुम्हालाही माहीत नसेल. कधी वाटतं तुमचं तोंड बघू नये. कधी बाहेर बूट वाजले की मी दाराशी जाते.

म्हणून असं ठरवलंय. तुम्ही या. रजेवर नाही, खाण सोडूनच या. डंपर इथंही बिघडतात, डेपोत मेकॅनिक पाहिजेच आहे, मी विचारून आले. पगार कमी आहे, पण जोडीला माझा आहे. वर्षभर या घरात राहा, रोज आमच्या डोळ्यांसमोर. बाहेरच्या खोलीत झोपा. क्षमा मागायची नाही, समजूत घालायची नाही, आईंना मध्ये घालायचं नाही आणि मला विचारायचं नाही की माझं काय ठरलं. मी टाकून बोलेन, ते ऐकून घ्यायचं. कधी बरी बोलेन, त्याचा अर्थ लावायचा नाही. पुढच्या मार्चमध्ये मी तपासणीला जाईन. रिपोर्ट काहीही येवो, त्या दिवशी घरी येऊन तुमच्याबद्दल माझं जे असेल ते सांगेन. तेव्हा तुम्हाला जावं लागलं तर मुकाट्यानं जायचं.

हे पटत नसेल तर तसं दोन ओळींत लिहा, मी आईंना समजावीन.

ठमीच्या लशीची तारीख महिनाअखेरची घेतलीय. तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही. बाबा येणार असतील तरच टोचून घेईन, असं तिनं मला आणि नर्सबाईंना दोघींनाही बजावलंय. तिला तुम्ही हवे आहात. मला हवे आहात की नाही, ते वर्षानं सांगते.